ग्राफिंग कॅल्क्युलेटर परिणामकारक आहे का? हा प्रश्नच मला का पटत नाही

गणित शिक्षणात पीएचडी करायला निघालेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादनावर तमुक साधनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास." तमुकच्या जागी पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टर असायचा, मग सीडी आली, मग स्मार्ट बोर्ड, आणि आता जिओजेब्रा किंवा डेसमॉस. दोन तुकड्या घ्यायच्या, पूर्वचाचणी, काही तासिका, उत्तरचाचणी, टी-मूल्य, शून्य परिकल्पनेचा त्याग. झाला प्रबंध.

तुमच्यापैकी काहींचा विषय असाच असेल. म्हणून आज या साच्याची झडती एका जुन्या आणि भरपूर अभ्यास झालेल्या उदाहरणावर घेऊ. ते उदाहरण म्हणजे ग्राफिंग कॅल्क्युलेटर, आणि त्यातही वर्गसमीकरणं सोडवणं व त्यांचे आलेख काढणं. आपल्याकडे हे यंत्र शाळेत फारसं आलंच नाही. आपण थेट मोबाइलवरच्या अ‍ॅपवर उडी मारली. पण अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथे त्याच्यावर पस्तीस-चाळीस वर्षं लिहिलं गेलंय, आणि त्या लिखाणातल्या चुका आपण आज नव्या नावानं पुन्हा करतोय.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. कॅसिओचं एफएक्स-७०००जी १९८५ साली आलं. बाजारात विकलं गेलेलं पहिलं ग्राफिंग कॅल्क्युलेटर तेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं टीआय-८१ हे १९९० मध्ये आणि टीआय-८३ हे १९९६ मध्ये आलं. अमेरिकेत १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत काही प्रश्नांसाठी असं यंत्र जवळ असणं गरजेचं झालं, आणि त्यामुळे ते हायस्कुलांमध्ये पसरलं. आता तिथली डिजिटल एसएटी देताना पडद्यावरच डेसमॉस उघडता येतं. म्हणजे वेगळं यंत्र विकत घेण्याचा प्रश्न मिटत चाललाय, पण यंत्र काय दाखवतं हा प्रश्न होता तिथेच आहे.

तर पडदा काय दाखवतो ते बघू. (जुन्या शाळेप्रमाणे मी क्ष आणि य वापरते आहे.)

टीआय-८३ चा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा. 'स्टँडर्ड' खिडकी निवडली की क्ष आणि य दोन्ही −१० ते १० दिसतात. आता यात दोन फलं टाका. पहिलं, य = क्ष² − १०क्ष + ४०. दुसरं, य = क्ष² + ३०क्ष + २२१. दोन्ही वेळा पडद्यावर अक्ष सोडून काहीही येत नाही. पहिल्याचा शिरोबिंदू (५, १५) वर आहे, म्हणजे खिडकीच्या वर, आणि त्याला वास्तव मुळं नाहीत. दुसऱ्याची मुळं −१३ आणि −१७, म्हणजे खिडकीच्या डावीकडे, आणि दोन्ही अगदी छान पूर्णांक. रिकामा पडदा एकच, उत्तरं उलटी. पहिल्या गणितात "आलेख दिसत नाही म्हणून मुळं नाहीत" असं म्हणणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतील. दुसऱ्यात त्याच युक्तिवादाला शून्य. तुमच्या चाचणीत फक्त पहिल्या प्रकारचा प्रश्न असेल, तर तुम्ही नक्की काय मोजलंत?

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. ही तीन समीकरणं बघा:

क्ष² − २क्ष + ०.९९९९ = ०
क्ष² − २क्ष + १ = ०
क्ष² − २क्ष + १.०००१ = ०

विवेचक काढा. पहिल्याचा ०.०००४, दुसऱ्याचा ०, तिसऱ्याचा −०.०००४. पहिल्याला ०.९९ आणि १.०१ अशी दोन मुळं, दुसऱ्याला १ हे दुहेरी मूळ, तिसऱ्याला वास्तव मूळच नाही. आपल्या दहावीच्या पुस्तकात 'मुळांचे स्वरूप' म्हणून जे तीन प्रकार शिकवतात, ते तिन्ही इथे आहेत. पण स्टँडर्ड खिडकीत ठिपक्यांच्या शेजारशेजारच्या दोन स्तंभांत क्षचा फरक साधारण ०.२१ असतो, आणि या तीन फलांत यचा फरक एक-दोन दशसहस्रांश. तिन्ही चित्रं सारखीच: क्ष-अक्षाला टेकलेला एक अन्वस्त. मोबाइलचा पडदा कितीतरी बारीक असतो हे खरं, तरी मोठं केल्याशिवाय तिथेही डोळ्यांना फरक कळत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की मग झूम करा ना. करा की. पण कुठे झूम करायचं आणि मुळात संशय का घ्यायचा, हे पडदा सांगत नाही. ते विवेचकाकडून येतं, किंवा "टेकलेला दिसतो म्हणजे टेकलेलाच असेल असं नाही" या सवयीतून येतं. ही सवय कुठे लागते, कशी लागते, कुणाला लागत नाही, हा संशोधनाचा प्रश्न आहे. "संपादन वाढलं का" हा नव्हे.

अजून एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक पाठ-आराखड्यात चुकीच्या जोरानं सांगितली जाते. स्लायडर सरकवायचा आणि निष्कर्ष लिहायचा: "क्ष² चा सहगुणक वाढला की अन्वस्त अरुंद होतो." एकाच खिडकीत बघितलं तर बरोबर. पण य = क्ष² चा आलेख −१० ते १० च्या खिडकीत बघा, आणि य = ५क्ष² चा −२ ते २ च्या खिडकीत (दोन्ही अक्षांवर). चित्रं तंतोतंत जुळतात. सगळे अन्वस्त एकमेकांशी समरूप असतात, जशी सगळी वर्तुळं समरूप असतात. 'अरुंद' हा शब्द फल आणि खिडकी या दोघांबद्दल मिळून काहीतरी सांगतो. स्लायडरवाला धडा खिडकी स्थिर ठेवतो, म्हणून तो अर्धाच धडा आहे. उलट क्ष च्या सहगुणकाचा स्लायडर बघा. तो सरकवला की शिरोबिंदू आडवा सरकेल अशी मुलांची अपेक्षा असते, पण तो स्वतः एका उलट्या अन्वस्तावरून चालतो. य = अक्ष² + बक्ष + क मध्ये शिरोबिंदूचा मार्ग य = क − अक्ष² हा असतो. कागदावर हे सहसा कुणी बघायला जात नाही, पडद्यावर ते समोर येतं. यंत्राचं खरं देणं असं काहीतरी आहे. पण बहुतेक प्रश्नपत्रिकांत यावर एकही प्रश्न नसतो.

आणि समीकरण सोडवण्याचं काय? क्ष² = क्ष + ६ घ्या. एक रीत अशी की दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढायच्या आणि छेदनबिंदू शोधायचे. ते मिळतात (−२, ४) आणि (३, ९). दुसरी रीत: सगळं एका बाजूला आणून य = क्ष² − क्ष − ६ काढायचं आणि क्ष-अक्षावरचे बिंदू बघायचे: (−२, ०) आणि (३, ०). मग उत्तर काय? −२ आणि ३, बस्स. पण पडदा बिंदू देतो, संख्या देत नाही, आणि मुलं "उत्तर (३, ९)" असं लिहून मोकळी होतात. समीकरण म्हणजे क्ष बद्दलचा प्रश्न, फल म्हणजे क्ष आणि य यांचा संबंध. हा फरक यंत्रामुळे ठळकही होऊ शकतो आणि पुसलाही जाऊ शकतो. दोन्ही रीती शेजारी ठेवून "य वेगळा का आला?" असं विचारणारा शिक्षक असेल तर ठळक होतो. नसेल तर पुसला जातो.

इथे जुन्या, अडगळीच्या वाटणाऱ्या यंत्राच्या बाजूनं एक मुद्दा मांडते. टीआय-८३ वर मूळ शोधायचं तर ते आधी विचारतं: डावी मर्यादा कोणती? उजवी कोणती? तुमचा अंदाज काय? म्हणजे मूळ साधारण कुठे आहे हे तुम्हीच ठरवायचं. आलेख अक्षाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो, तर मध्ये कुठेतरी शून्य असणारच, हा विचार बटणं दाबताना हाताखालून जातो. पुढे बीएस्सीला हाच विचार मध्यमूल्य प्रमेय म्हणून भेटतो. आणि दुहेरी मुळापाशी चिन्ह बदलतच नाही, म्हणून चिन्हबदलावर चालणारी कोणतीही पद्धत तिथे अडते. ते अडणंसुद्धा शिकवणारं आहे. डेसमॉसवर वक्रावर टिचकी मारली की महत्त्वाचे बिंदू आयतेच दिसतात. सोय झाली, वादच नाही. पण सोय झाली तेव्हा विद्यार्थ्याच्या हातून कोणता निर्णय काढून घेतला, याची नोंद ठेवायला हवी. 'जिओजेब्रा वापरले' किंवा 'डेसमॉस वापरले' एवढं लिहून ती नोंद होत नाही.

आता संशोधनाकडे वळू.

केनेथ रुथवेन यांचा १९९० चा पेपर 'एज्युकेशनल स्टडीज इन मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात आहे. या विषयावर एकच जुना पेपर वाचणार असाल तर हा वाचा. इंग्लंडमधल्या वरच्या वर्गांतले विद्यार्थी, एका गटाकडे ग्राफिक कॅल्क्युलेटर कायम हाताशी, दुसऱ्याकडे नाही. प्रश्न दोन प्रकारचे. काहींत आलेख दिलाय, त्याचं सूत्र लिहायचं. काहींत आलेखाचा अर्थ लावायचा. सूत्र लिहिण्यात यंत्रवाला गट ठळकपणे पुढे गेला. अर्थ लावण्यात तसा फरक दिसला नाही. नुसती बेरीज करून "संपादन" मोजलं असतं तर ही गोष्ट दिसलीच नसती.

पण रुथवेन यांचं मोठेपण पुढे आहे. मुलं सूत्रापर्यंत पोहोचली कशी, हे त्यांनी बघितलं आणि तीन वाटा वेगळ्या केल्या. समजा चित्रात अन्वस्त क्ष-अक्षाला २ आणि ६ वर छेदतो आणि शिरोबिंदू (४, −२) आहे (उदाहरण माझं). एक मूल (क्ष−२)(क्ष−६) मांडेल, पुढे अ ठेवेल, (४, −२) घालून −४अ = −२, म्हणून अ = १/२ काढेल. ही विश्लेषणाची वाट. दुसरं मूल यंत्रात काहीतरी सूत्र टाकेल, चित्र जुळतंय का बघेल, बदलेल, परत बघेल. ही पडद्यावर चाचपडत जाण्याची वाट. तिसरं बिंदूंचे आकडे घेऊन त्यांत बसणारा संबंध शोधेल. तिघांचंही उत्तर बरोबर, तिघांनाही सारखेच गुण. आता मला सांगा, दुसऱ्या मुलाला वर्गफल 'समजलं' का? माझं मत असं की चाचपडण्याला हलकं समजू नये. कारण चांगलं चाचपडायचं तर कोणता सहगुणक बदलला की काय हलतं याची जाण लागते. पण ती जाण आणि बीजगणिती मांडणीची जाण एक नव्हे, आणि एका आकड्यात दोन्ही कोंबता येत नाहीत.

सहा वर्षांनी, १९९६ मध्ये, मॅरिना पेंग्लेज आणि स्टीफन अर्नोल्ड यांनी तोवरच्या संशोधनाचा चिकित्सक आढावा घेतला. त्यांचा मुख्य आक्षेप असा की बऱ्याच अभ्यासांत साधनाचा परिणाम आणि ते साधन ज्या अध्यापनात, ज्या संदर्भात वापरलं त्याचा परिणाम वेगळा केलेला नाही. म्हणजे प्रायोगिक तुकडीला यंत्र मिळालं, पण त्याबरोबर नवे धडे, वेगळी चर्चा, कधी वेगळा उत्साही शिक्षकही मिळाला. मग जिंकलं कोण? हा आक्षेप १९९६ चा आहे. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागच्या दोन-तीन वर्षांतले पाच प्रबंध काढा आणि तो किती ठिकाणी लागू पडतो ते स्वतःच तपासा.

मग येतो सगळ्यांचा लाडका संदर्भ: एमी एलिंग्टन यांचं २००३ चं मेटा-अ‍ॅनालिसिस, ५४ अभ्यासांचं. सिनॉप्सिसमध्ये हा पेपर "कॅल्क्युलेटरने फायदा होतो हे सिद्ध झाले आहे" अशा एका ओळीत उरकला जातो. पेपर तसं म्हणत नाही. अध्यापन आणि परीक्षा या दोन्हींत कॅल्क्युलेटर होता, तिथे कौशल्यं सुधारली. परीक्षेत नव्हता, तिथे निकाल संमिश्र. नुकसान मात्र आढळलं नाही. शिवाय त्यात ग्राफिंगच नव्हे, साधे आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटरही आहेत. आता आपली परिस्थिती बघा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, जेईई मेनला चालत नाही. म्हणजे आपण अ‍ॅपवर शिकवून परीक्षा कागदावर घेणार, आणि ती नेमकी एलिंग्टन यांची 'संमिश्र' वाली अवस्था आहे. त्यांचा पेपर आपल्या परिकल्पनेला आधार देतो असं लिहायच्या आधी एवढं तरी बघायला हवं. आणि मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अंतिम निवाडा, हा समजही सोडा. आत घेतलेल्या अभ्यासांच्या चाचण्यांनी जे मोजलंच नाही, ते त्यांची सरासरी कुठून मोजणार?

मला सर्वांत उपयोगी वाटतात ते फ्रेंच. डॉमिनिक गँ आणि ल्युक त्रुश यांचा १९९९ चा पेपर. पिएर राबार्देल यांच्याकडून घेतलेली त्यांची मूळ कल्पना साधी आहे: दुकानातून आणली ती नुसती वस्तू, ती माझ्या कामाचं साधन आपोआप होत नाही. वापरता वापरता सवयी, युक्त्या, समजुती तयार होतात, आणि तेव्हा वस्तूचं साधन होतं. या घडण्यात वस्तूही माणसाला वळण लावते. त्यांच्याकडचं गाजलेलं उदाहरण असं: क्ष चा नैसर्गिक लॉग अधिक १० साइन क्ष, हे फल क्ष वाढत गेल्यावर अनंताकडे जातं का? जातं, कारण साइन कितीही हलला तरी −१० च्या खाली ओढू शकत नाही आणि लॉग वाढतच राहतो. पण पडद्यावर नुसत्या लाटा दिसतात. ग्राफिक कॅल्क्युलेटर जवळ असलेल्या मुलांत चुकीची उत्तरं यंत्र नसलेल्या मुलांपेक्षा जास्त आली. आमच्या तीन समीकरणांची ही थोरली बहीण. या पेपरवर माझी एक तक्रार आहे: 'साधन घडणं' ही कल्पना इतकी लवचीक आहे की काहीही घडलं तरी ती लागू पडते. नंतरच्या अनेक पेपरांत ती नुसती सजावट म्हणून येते. वापरायची असेल, तर कोणती सवय, कोणत्या कामात, केव्हा तयार झाली, हे दाखवा.

हेलन डोअर आणि रोक्साना झांगोर यांचा २००० चा अभ्यास एका शिक्षिकेच्या दोन वर्गांचा. आपल्याकडचे परीक्षक "नमुना लहान आहे" म्हणून नाक मुरडतील असा. पण त्यात दिसलं की यंत्राचा वापर किती समृद्ध होतो हे दिलेल्या कामांवर आणि शिक्षिकेच्या ज्ञानावर, धारणांवर ठरतं. आणि आणखी एक: यंत्र ज्याच्या त्याच्या हातात असलं की छोट्या गटातलं बोलणं अडू शकतं. तेच यंत्र सगळ्या वर्गासमोर सामायिक वापरलं की चर्चेला मदत होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल देऊन 'गटकार्य' करवणाऱ्या आराखड्यांनी हे आधी वाचावं.

तर, विषय याच परिसरातला घ्यायचा असेल तर मी काय करीन? वर दिलेली तीन समीकरणं आणि दोन रिकामे पडदे, एवढंच काम. अकरावीची दहा-बारा मुलं, दोघांत एक मोबाइल, पडद्याचं रेकॉर्डिंग चालू, शेजारी कागद-पेन. दहावीला अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या तिन्ही पद्धती झालेल्याच असतात, म्हणजे विवेचक त्यांना माहीत असतो. बघायचं एवढंच की तो त्यांना आठवतो केव्हा: पडदा रिकामा दिसल्यावर, तीन चित्रं सारखी दिसल्यावर, की कधीच नाही. झूम कुणी केलं, कुठे केलं, आणि त्याआधी जोडीदाराला काय म्हणालं. मोबाइल आधी आणि कागद नंतर दिला तर काय होतं, उलट क्रमानं दिला तर काय. यात टी-मूल्य येणार नाही, आणि गाइड विचारतील की परिकल्पना कुठे आहे. तेव्हा रुथवेन यांचा पेपर प्रिंट काढून सोबत न्या.